आयरिसचा चिमटा

“पेटी न्यायचीय तर ने. पण माझ्यासमोर उघडू नकोस,” डेस म्हणाला.

शेजारचा केव्ह डेसने देऊन टाकलेली पिसांची पेटी न्यायला शेडमध्ये आला होता. टास्मानियातल्या त्या तळ्याकाठी ट्राउट मासे धरायला डेसच्या माशा नावाजलेल्या. गळावर दोऱ्याने पिसं बांधून केलेल्या, पाण्यावर पडल्या की जिवंत वाटणाऱ्या. पण आता त्याचे हात थरथरत. गळ आणि त्यावरचं पीस धरायला त्याच्या बायकोने, आयरिसने, चिमटा केला होता. त्याला एक छोटी मोटर, आणि ती चालवायला पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक.

चिमटाही थरथरत होता.

“वाण नाही, पण गुण लागला,” केव्ह म्हणाला. डेस हसला.

आयरिस हसली नाही. वीजकेंद्रातल्या काट्यांवर नजर ठेवण्यात तिची नोकरी सरली होती. काटा उगाच हलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मोटर चाले विजेच्या ठोक्याच्या रुंदीवर, म्हणजे ठोका किती वेळ टिकतो त्यावर. ती रुंदी तिचा प्रोग्राम स्वतः मोजत होता, आणि त्याच संगणकावर क्रिकेटची कॉमेंट्रीही चालू होती. मोजणाऱ्याचं लक्ष उडालं की ठोका चुकायचा. चिपमध्ये ठोक्यांसाठी वेगळा भाग होता. एकदा सांगितलं की तो आपला आपण ताल धरतो. पण तो भाग कॉमेंट्रीच्या आवाजाने अडवला होता.

“डेस, कॉमेंट्री बंद करते.”

“वेड लागलंय? शेवटची जोडी आहे, सात धावा हव्यात!”

“सात धावा हव्यात, की पेटी?”

डेस पेटीकडे बघत राहिला. “कर बंद,” तो पुटपुटला.

तिने आवाज काढून टाकला, संगणक पुन्हा चालू केला आणि दोन ओळी लिहिल्या : सेकंदाला पन्नास ठोके, प्रत्येकाची रुंदी दीड मिलिसेकंद.

चिमटा थांबला. पुरता थांबला. त्यातलं पीस हलत होतं ते फक्त तिघांच्या श्वासाने. मग त्यांनी श्वासही धरला. एवढ्याशा तुकड्यात कोणीतरी न थकता, न चुकता ताल धरून बसलं होतं.

“देवा रे,” केव्ह म्हणाला आणि पेटी हळूच खाली ठेवली.

डेसने दोरा घेतला. वेढे वाकडेतिकडे पडले, पण पडले.

“माशीला कुबड आलंय,” केव्ह म्हणाला. “थेट तुझ्यासारखी झालीय, म्हाताऱ्या.”

डेसने माशी घ्यायला हात पुढे केला. हात चुकला. पुन्हा चुकला. चिमटा उघडायच्या कळीवर बोट ठेवून आयरिस खिडकीबाहेर तळ्याकडे पाहत राहिली. केव्हनेही मान वळवली. सामन्याचं काय झालं, कोणी विचारलं नाही.

थरथरती बोटं माशीवर टेकली, मिटली.

मग तिने कळ दाबली.