संध्याने मान सोडवली

संध्या एसटीची ड्रायव्हर. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याची फेरी बहुतेक तिच्याकडेच असायची. तीन वर्षांपूर्वी तिला संधिवात निघाला. बोटं सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही. गोळ्यांनी सूज उतरली, आणि बरं वाटतंय म्हणून तिने गोळ्या सोडून दिल्या.

मग मान धरली. स्टिअरिंगमुळे असेल, असं सगळेच म्हणाले. तीही तेच धरून चालली. एक दिवस आरे-वारेच्या वळणावर मान उजवीकडे फिरेचना. तिने गाडी सावकाश कडेला घेतली. कंडक्टर खाली उतरून वाट दाखवत राहिला, तेव्हा कुठे गाडी पुढे निघाली. परत आल्यावर ती स्वतःच डेपोतल्या साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "मला सध्या गाडी देऊ नका." तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं.

तिचा भाऊ सागर तिला खेडला घेऊन गेला. तिथला एक माणूस झटका देऊन मान मोकळी करायचा. वाटेत संध्याच्या लक्षात आलं, की ज्या दिवशी बोटं सुजतात त्याच दिवशी मानही जास्त धरते. इंजिनाचा आवाज बदलला की कुठे बिघाड आहे ते शोधायची तिला सवय होती.

स्टुलावर बसल्यावर त्या माणसाने तिच्या हनुवटीखाली हात घातला.

"मला संधिवात आहे. तरी चालेल?" तिने विचारलं.

"त्याचा मानेशी काय संबंध?"

संध्याने त्याचा हात बाजूला केला आणि ती उठली.

"अगो, एवढ्या लांब आलो ते कशाला?" बाहेर आल्यावर सागर चिडला.

"संबंध आहे की नाही ते आधी कळू दे. मग बघू," ती म्हणाली.

रत्नागिरीतल्या फिजिओथेरपिस्ट मनस्वीने तिचं सगळं ऐकून घेतलं. मानेला हातही लावला नाही.

"उठलीस ते फार बरं केलंस, ताई. या आजारात मानेचे मणके सैल होऊ शकतात. तशा मानेला झटका बसला तर हातापायातली ताकद जाऊ शकते. आधी एक्स-रे, मग सांध्यांचे डॉक्टर. व्यायाम त्यानंतर."

एक्स-रेत मणके जागेवर दिसले. सूज मात्र मानेतही होती. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं. मनस्वीने व्यायाम शिकवले. कपाळाला तळहात लावायचा आणि मान न हलवता हलकेच दाबायचं. हा कसला व्यायाम, म्हणून संध्याला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी दंडापर्यंत ठणका लागला.

"दाब निम्मा कर," मनस्वी म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात बोटं पुन्हा सुजली. संध्या खिडकीत बसून रडली. त्या आठवड्यात मनस्वीने व्यायाम थांबवून नुसता शेक ठेवला. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं. पंधरा दिवसांनी सकाळी तिने वेणी घातली आणि घालून झाल्यावर लक्षात आलं, की आज वेणीसाठी रोजच्यासारखी सासूबाईंना हाक मारावी लागली नव्हती.

सात महिन्यांनी गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि डेपोत तिची चाचणी ठरली. शेजारी तपासणीला पवार साहेब बसले. शहरातून एक चक्कर झाली. परत आल्यावर साहेब म्हणाले, "आता दोन गाड्यांच्या मधे मागे घ्या."

खाली कंडक्टर, मेकॅनिक, खिडकीतली माणसं उभी होती. संध्याने आधी आरसे पाहिले. मग मान उजवीकडे वळवली, अगदी खांद्यापर्यंत. मागचं अख्खं आवार तिला दिसलं. गाडी एका दमात आत गेली, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून.

साहेब कागदावर सही करत म्हणाले, "उद्या सकाळची पुळ्याची फेरी घ्याल?"

"आजची कोणाकडे आहे?" संध्याने विचारलं.

साहेब हसले. दुपारी अडीचला गाडीला पुळ्याचा बोर्ड लागला आणि संध्या ती घेऊन डेपोतून बाहेर पडली. पहिल्याच सीटवर सागर बसला होता, तिकीट काढून.