बदामाच्या झाडाची जाळी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. बागेच्या टोकाला अवजारांची खोली आहे ना, तिच्या मागच्या भिंतीला मला टेकवून ठेवले आहे. मित्रांनो, तुम्ही इकडे कशाला याल म्हणा! इथे फुटक्या कुंड्या आहेत, चाक निघालेली ढकलगाडी आहे आणि वाळल्या पानांची पोती आहेत. चेंडू आलाच चुकून, तर कोणीतरी डोकावते, तो उचलते आणि जाते. जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणते, "कसलं भंगार आहे हे."

असू दे. पण भंगारालाही जन्म असतो, आणि देव ज्याला जन्म देतो त्याच्या पदरात काहीतरी कामही टाकतो. माझ्या पदरात त्याने एक झाड टाकले होते. त्याची गोष्ट सांगते. सांगायला दुसरे कोणी भेटत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म रस्त्याच्या वळणावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथला वेल्डर तोंडापुढे काळी काच धरून दिवसभर ठिणग्यांत बसलेला असे. त्याने गज कापले, तीन कडी वाकवली आणि मला दोन अर्ध्या भागांत घडवले. मग ते दोन भाग नट-बोल्टने जोडून मला गोल उभे केले. ज्यांनी मला घडवायला सांगितले होते ते शेजारीच उभे होते. ते बसचे निवृत्त कंडक्टर. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत.

"हे बोल्ट कशाला रे?" काकांनी विचारले.

"उघडायला, काका. झाड काय लहानच राहणार आहे का?"

"माझं तरी राहिलंय. दोनदा लावलं, दोनदा शेळीने खाल्लं. शेळीची तब्येत तेवढी सुधारली."

बागेत दर रविवारी सकाळी आजूबाजूची माणसे जमत. कोणी कुदळ आणी, कोणी पाइप आणी, कोणी नुसताच उत्साह आणी. त्यांना पगार नव्हता आणि कोणी बोलावणेही धाडत नव्हते. झाडे तहानलेली दिसली म्हणून ती माणसे येत. मला वाटते, देवळात गेल्याइतकेच पुण्य त्यांना त्या चिखलात मिळत असेल. त्यांच्या पुढारी होत्या नर्सबाई. आयुष्य इस्पितळात काढल्यामुळे त्यांना बाग म्हणजे वॉर्डच वाटे. "याला पाणी द्या. याला आज नको, कालच झालंय. आणि त्या कोपऱ्यातल्या पेशंटला कोणी हात लावू नका," असे त्या फेरी मारत सांगत.

काकांचा पेशंट म्हणजे बदामाचे एक रोप. वीतभर उंच, चार पाने, त्यांतले एक शेळीने अर्धे खाल्लेले. मला त्याच्याभोवती उभे केले आणि माझे पाय मातीत रोवले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले की आपण पोकळ का आहोत. मधली जागा दुसऱ्या कोणासाठी तरी होती.

पण थोड्याच दिवसांत पलीकडच्या झाडाची जाळी चोरीला गेली. बोल्ट खोलून कोणीतरी भंगारात विकली. काका घाईघाईने वेल्डरला घेऊन आले.

"हे बोल्ट वेल्डिंग करून पक्के करून टाक. कोणाला उघडताच येता कामा नये."

वेल्डर डोके खाजवत म्हणाला, "काका, मग आपल्याला तरी कुठे उघडता येईल?"

"मी आहे ना. झाड जाळीला टेकलं की तुला सांगायला येईन. तेव्हा काप."

झाले. ठिणग्या उडाल्या आणि मी कायमची बंद झाले. काकांच्या त्या शब्दांचा मला विसर पडला नाही, पण जाळीला कोण विचारते?

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. शेळी यायची, गजांतून तोंड घालून बघायची आणि हिरमुसून जायची. चेंडू माझ्यावर आपटायचे, सायकली मला टेकवल्या जायच्या. एकदा एक हातगाडी येऊन धडकली, तेव्हा माझा एक गज वाकला, पण आतले पान हलले नाही. पोटाशी लेकरू घेऊन बसलेल्या बाईला पाठीवरचे फटके लागतात का? तसेच ते.

काका रोज सकाळी बादली घेऊन येत. खांद्यापर्यंत हात माझ्या गजांतून आत घालत आणि आळ्यातली माती बोटांनी भुसभुशीत करत. पाणी ओतताना त्यांची जुनी सवय तोंडातून निघे, "चला, पुढे चला. वर जागा आहे, पुढे चला."

काकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, समोरच्या बाकावर ब्लाउजला हूक लावत बसलेल्या असत. त्या घरी शिवणकाम करत.

"घरातल्या कुंडीला कधी एवढं पाणी घातलंत?" त्या मान वर न करता विचारत.

"कुंडीचा पास आहे. ती कुठे जातेय?"

"आणि माझा?"

"तुझी सीट राखीव आहे." मग दोघेही हसत. काकू दाताने दोरा तोडत आणि रोप जरासे हलल्यासारखे वाटे.

बदामाच्या फांद्या मजल्यांसारख्या एकावर एक पसरतात. पहिला मजला माझ्या डोक्यावर गेला, तेव्हा रविवारची सगळी मंडळी जमली. माझ्या अंगाला नवा हिरवा रंग लागला. "जाळी असावी तर अशी," असे कोणीतरी म्हणाले. खोटे कशाला बोलू, मला ते गोड वाटले.

मग एका सकाळी काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जाळीला कोणी अशा गोष्टी सांगायला येत नाही. बऱ्याच दिवसांनी काकू एकट्या आल्या, हातात काकांची बादली घेऊन. त्यांनी पाणी ओतले, पण 'पुढे चला' म्हणायला कोणी नव्हते. तेव्हा मला कळले.

रविवारच्या माणसांनी माझ्या वरच्या कड्याला एक पत्र्याची पाटी बांधली. 'कंडक्टरकाकांचे झाड.' काकू रोज संध्याकाळी येऊन ती पाटी पदराने पुसत. मग बाकावर न बसता माझ्या वाकलेल्या गजाला धरून उभ्या राहत आणि हळू आवाजात बोलत. आज भाजी खारट झाली. लेकीचा फोन आला होता, पण तिला घाई होती. जिन्यातला दिवा गेलाय. जिवंत माणसाशी बोलावे तसे त्या माझ्याशी बोलत. मला वाटे, आता माझ्या पोटाशी दोघे आहेत, झाड आणि काकांची आठवण.

आणि झाड वाढतच होते.

ते पहिल्यांदा मला टेकले तेव्हा मी सुखावले होते. इतकी वर्षे मी त्याच्याभोवती उभी होते, पण स्पर्श कधी झाला नव्हता. वाऱ्याने खोड हलले आणि साल अलगद माझ्या कड्याला लागली. लेकराने गाल लावावा तसे वाटले. पण पुढे तो गाल हटेनासा झाला. साल कड्यावर दाबू लागली, मग फुगली, मग कड्यावर चढू लागली. मला मागे सरता येत नव्हते. लोखंडाला श्वास घेता येत नाही, पोट आत घेता येत नाही. देवा, मी मनात म्हणत होते, तू मला राखणीला ठेवलेस ना? मग माझ्याच हातून हा गळा का आवळतोस?

काकांनी सांगायला यायचे होते. काका येणार नव्हते.

रविवारच्या माणसांना दिसत नव्हते असे नाही. ती माझ्यापाशी येत, आवाज खाली आणत.

"कापायला हवी."

"पाटी आहे तिच्यावर. काकूंना काय वाटेल?"

"तुम्ही बोला."

"मी नाही बाबा. तुम्हीच बोला."

मग ठरल्यासारखे ती रंगाचा डबा आणत आणि मला पुन्हा हिरवी करत. किती प्रेमाने करत! ब्रश अगदी सालीच्या कडेपर्यंत नेत. प्रेम करणाऱ्यांचा हात धरून त्यांना थांबवायला कोणी नसले की असेच होते.

एका बाजूच्या फांद्यांची पाने लाल होऊन गळू लागली. बदामाची पाने लालच होऊन गळतात, म्हणून सगळ्यांना ते नेहमीचेच वाटले. पण त्या फांद्यांना नवी पालवी आली नाही. शेवटी नर्सबाईंनीच धीर केला. संध्याकाळी काकू पाटी पुसत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, एक बोलू?"

"बोला की."

"ही जाळी काढायला लागेल."

काकूंचा हात थांबला. "कशाला? चांगली आहे. गेल्याच वर्षी रंग दिलाय तुम्ही."

"झाडाला रुततेय. त्या बाजूची पानं बघा."

"बदामाची पानं लाल होऊनच गळतात."

"गळतात, मग नवी येतात. आली का?" नर्सबाई हळू बोलत होत्या. "इस्पितळात सुजलेल्या बोटातल्या अंगठ्या कापायला लागायच्या. लोक रडायचे. लग्नातली आहे म्हणायचे. मी म्हणायची, अंगठी राहील हो, पण बोट जाईल."

काकूंनी पदर खोचला. "आठवण कापायला निघालात होय त्यांची? एवढं त्यांनी केलं, त्याचं हे?" आणि त्या बादली तिथेच टाकून निघून गेल्या.

कितीतरी दिवस त्या आल्या नाहीत. पाटीवर धूळ बसली. बादलीत पाने पडली, पावसाचे पाणी साचले. माणसे बाकावर बसत, उठत, कोणाला माझ्याशी बोलायचे नसे. इतक्या जवळ झाड होते, पण आम्हा दोघांना बोलायला तोंड नव्हते. ते मला ढकलत होते, मी त्याला कापत होते आणि दोघांनाही ते नको होते. मित्रांनो, याहून एकटे असणे मला ठाऊक नाही.

मग एका दुपारी काकू आल्या. त्यांनी बादली उपडी केली, गवत बाजूला सारले आणि खाली बसल्या. काका घालत तसा हात गजांतून आत घालायला लागल्या. हात मनगटापाशी अडकला. त्यांनी दुसरीकडून पाहिले. बोटेही शिरेनात, आत सगळी जागा खोडाने भरली होती. काकांचा एवढा रुंद हात जिथे खांद्यापर्यंत जाई, तिथे काकूंची बांगडी अडली. मग त्या गजाला धरून उठल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वेल्डरलाच घेऊन आल्या. तोही आता पिकला होता. मागून नर्सबाई आल्या, पण लांबच उभ्या राहिल्या.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "कापू नकोस. नुसती सैल करून दे. मी शिवण उसवून ब्लाउज सैल करते ना, तशी."

"काकू, तुम्ही शिवणीच्या आत कापड राखून ठेवता. लोखंडात कुठलं ठेवणार?" त्याने माझ्या जोडावरून अंगठा फिरवला. "म्हणजे, ठेवलं होतं. बोल्ट होते. काकांनीच पक्के करून घेतले, चोर नेतील म्हणून. मी म्हटलं उघडायची कशी, तर म्हणाले, झाड जाळीला टेकलं की मी येईन सांगायला, तेव्हा काप."

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. "असं म्हणाले होते?"

"इथंच उभं राहून. मला वाटलं, कोणीतरी येईल सांगायला. कोणी आलंच नाही. आणि पाटी लागल्यावर आपण होऊन विचारायची हिंमत झाली नाही."

काकूंनी पाटी पुसली. एकदा पुढून, एकदा मागून. मग तिची तार स्वतःच सोडली आणि पाटी पिशवीत ठेवली.

"मग समज, त्यांनी मला पाठवलंय सांगायला," त्या म्हणाल्या. "काप."

वेल्डरने ओले पोते सालीवर लावले आणि यंत्र सुरू केले. पुन्हा ठिणग्या उडाल्या. जिथे मला जोडले होते तिथेच मी तुटले. खालची दोन कडी निघाली. वरचे कडे मात्र एका बाजूने खोडात इतके खोल गेले होते की ओढले असते तर साल फाटली असती. "राहू दे तेवढं," नर्सबाई पुढे येऊन म्हणाल्या. "झाड भरून काढेल." वेल्डरने ते दोन्हीकडून कापले आणि तेवढा तुकडा आत राहिला.

मला उचलून नेत होते तेव्हा काकूंनी खोडाला पहिल्यांदा दोन्ही हातांनी कवटाळले. मध्ये मी नव्हते. त्यांनी कपाळ सालीला टेकले आणि त्या काहीतरी पुटपुटल्या. मी तेवढे ऐकले.

"चला. पुढे चला."

तेव्हापासून मी इथे आहे. या भिंतीपासून मला झाडाचे खोड दिसत नाही, काकूही दिसत नाहीत. खोलीच्या छपरावरून वरचे मजले तेवढे दिसतात. पहिल्या वर्षी त्या सुकल्या बाजूला काहीच नव्हते. मी रोज पाहत होते. मग एकदा तिथे कोवळे, पोपटी असे काहीतरी हलले. सांगायला शेजारी कोणी नव्हते, म्हणून देवालाच सांगितले.

मित्रांनो, तुम्ही झाडे लावाल, त्यांना जाळ्याही लावाल. जरूर लावा, शेळ्या आणि चेंडू कुठेच कमी नाहीत. पण लावणाऱ्याने काढायलाही यायचे असते. येणे जमणार नसेल, तर कोणाला तरी सांगून ठेवा. आणि कोणी सांगायला आले नाही, तरी दिसले की विचारा. आमच्यासारख्यांना हाक मारता येत नाही.

माझे म्हणाल, तर माझा काही राग नाही. गंज चढतो आहे, चढू दे. माझा एक तुकडा अजून त्या खोडात आहे. त्याच्यावर आता पुरती साल आली असेल. इतकी वर्षे मी झाडाला पोटाशी धरले, आता माझ्या तेवढ्या तुकड्याला ते धरून उभे आहे.