बाद झालेला धागा

पूर्णिमा घाटगे पेठ वडगावजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पायथन शिकवायच्या. सत्तर मुलांचे प्रोग्राम तपासायचे, म्हणून त्यांनी एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं, म्हणजे व्हेरिएबलच्या, प्रोग्राममधल्या किमतींना द्यायच्या, नावाचा साचाच. सुरुवातीला अक्षर किंवा अंडरस्कोअर, पुढे अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर. बाकी काही आलं की नाव बाद.

नुजहतचा प्रोग्राम त्यात अडकला. कबनूरची ही मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं यंत्रमागावरच्या कापडाचं वजन काढलं होतं, तेही मराठी नावं वापरून. ‘वजन’ पास, ‘गज’ पास. ‘धागा’ आणि ‘लांबी’ बाद. खाली जोडलेलं उत्तर मात्र अचूक. नावंच चुकीची असतील तर प्रोग्राम चालला कसा? उत्तर दुसऱ्या कुणाचं तरी चिकटवलंय, असं पूर्णिमांनी धरलं आणि स्टाफरूममध्ये राजवर्धन सरांना तसं बोलूनही गेल्या.

बोलावल्यावर नुजहतनं स्वतःच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवून दाखवला. उत्तर तेच. पूर्णिमांचा संशय उलट वाढला. हिनं लॅपटॉपमध्येच काहीतरी करून ठेवलं असेल. त्यांनी फाईल आपल्या कॉम्प्युटरवर घेतली. तिथंही चालली.

“मराठी नावं तुला कुणी सुचवली?”

“कुणी न्हाय, मॅडम. अब्बांना दाखवायचा हुता. त्यास्नी इंग्रजी वाचाय येत न्हाय.”

ती गेल्यावर पूर्णिमा एकेक नाव टाकून बघत बसल्या. ‘धग’ पास. त्याला काना दिला की बाद. त्यांचा साचा काना, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षरात धरतच नव्हता. पायथन धरत होतं. आजवर सगळी नावं इंग्रजीच आली, म्हणून ते कधी कळलं नव्हतं. त्यांनी साचा काढला आणि नाव तपासायचं पायथनचं स्वतःचं फंक्शन घातलं. चारही नावं पास झाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. राजवर्धन सरांकडेही गेल्या.

“पण कुणी लिहून दिलं नसेल कशावरून?” सर म्हणाले.

हा संशय आपणच त्यांच्या डोक्यात घातला, हे पूर्णिमांना तेव्हा नीट लागलं.

पुढच्या आठवड्यात नुजहतचा प्रोग्राम आला. नावं होती ए, बी, सी. पूर्णिमांनी कारण विचारलं.

“असू दे, मॅडम,” ती म्हणाली. “परत बोलवणं नको.”