राक्षसिणीचा आवाज

माझ्या जावयाच्या नव्या जीपचं इंजिन दोन लिटरचं आहे, हे त्याने मला अशा थाटात सांगितलं की जणू मुलगाच झालाय म्हणून पेढे वाटतोय.

मी म्हटलं, "स्टिर्मिर, माझी कॉफीची किटली याहून मोठी आहे."

"ताकद बघ ना, कोलबेन! तुझ्या जुन्या जीपपेक्षा जास्त आहे. डिझेल निम्मं पिते आणि आवाज म्हणशील तर काहीच नाही."

"आवाज नाही? मग चालू आहे हे कळतं कसं?"

"पडद्यावर लिहून येतं."

आमची जुनी जीप पडद्यावर काही लिहीत नसे. सहा सिलिंडर, चार लिटरांच्या वर इंजिन आणि नाव राक्षसीण. कडक थंडीत ती सुरू केली की खोऱ्याच्या टोकाला चर्चची घंटा आपोआप वाजायची आणि आज कोण मेलं ते बघायला पाद्री बाहेर यायचा. खोटं वाटत असेल तर पाद्र्याला विचारा म्हटलं असतं, पण तो आता हयात नाही. वसंतात माझ्या लेकीने, स्वालाने, फर्मान काढलं की ती धुराची बया दारात नको. दक्षिणेतला कुणीतरी हौशी येऊन राक्षसिणीला घेऊन गेला. वळणापलीकडे गेली तरी जेवणं होईपर्यंत ती मला ऐकू येत होती.

हे सगळ्यांना चाललं. मोराला विचारायचं मात्र राहून गेलं.

मोरा ही माझी पुढारी मेंढी. लांब पायांची, हाडकुळी, तपकिरी. अशा मेंढीला ना मांस ना धड लोकर, पण कळप घरी आणायची अक्कल तिच्याकडेच असते. वादळ यायचं असलं की मोरा गोठ्याचा उंबरा ओलांडत नसे. एका हिवाळ्यात रेडिओवरच्या हवामानाचं आणि तिचं तीनदा वाजलं, तीनदा ती जिंकली, आणि मी रेडिओ विकून टाकला. उन्हाळाभर मेंढ्या वर डोंगरात मोकळ्या चरतात. सप्टेंबरात मी ग्राऊ नदीच्या पलीकडच्या काठी जाऊन राक्षसीण चालू ठेवायचो. मोरा असेल तिथून तो धडधडाट ऐकायची, आपली माणसं गोळा करायची, आणि जीप नदीच्या उथळ उतारातून अलीकडे निघाली की तिच्या मागोमाग पाण्यात पाय घालायची. पहिल्या वर्षापासून हाच रिवाज.

त्या वर्षी गावाच्या हाकाऱ्यात सगळ्यांच्या मेंढ्या खाली आल्या. मोरा आली नाही. तिच्याबरोबरच्या वीसेक मेंढ्या आल्या नाहीत, आणि तिचं त्या वसंतातलं कोकरूही आलं नाही. काळं, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं, मादी. मोरा म्हातारी झाली होती. तिच्यानंतर कळप कुणाच्या मागून येणार, याचं उत्तर म्हणजे ते कोकरू. दुसरं उत्तर नव्हतं.

"उद्या माझ्या गाडीने जाऊ," स्टिर्मिर म्हणाला. पोरगा मनाने चांगला आहे, हे इथेच सांगून ठेवतो. पुढे सांगायला सवड मिळणार नाही.

निघालो. शेजारच्या विल्बोर्गला सांगितलं की दूध काढायच्या वेळेपर्यंत परतलो नाही तर ये. ती म्हणाली, "त्या खेळण्याने जाताय होय? मग मी आत्ताच निघते." तिचा ट्रॅक्टर तिच्याहून थोरला आहे.

गाडी चढली मात्र छान. खोटं का बोलू? दगडांवरून मांजरासारखी जात होती. मी वाळवलेल्या माशाला लोणी फासून खात होतो आणि मनातल्या मनात जरा शरमलोही होतो. मग घंटी वाजली. पडद्यावर लिहून आलं की धूर धुवायचं निळं पाणी संपत आलंय.

"हे काय असतं?"

"युरियाचं पाणी. वेगळी टाकी असते. ते संपलं तर इंजिन सुरू होत नाही."

"इंजिन बिघडतं?"

"नाही, इंजिन ठणठणीत असतं. गाडी सुरू होऊ देत नाही."

मी मासा खाली ठेवला. "डिझेल आहे?"

"अर्धी टाकी."

"सगळं शाबूत आहे, आणि ती चालायची नाही म्हणते? अरे, ही गाडी आहे की सासू?"

निळ्या पाण्याचा कॅन घरी गॅरेजात होता. संथ गिअरमध्ये दगड चढताना ते दुप्पट वेगाने जातं, हे कुणी स्टिर्मिरला सांगितलं नव्हतं. पण युरिया म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्याकडे पूर्वी लोकर कशात धुवत? घरादाराचं मूत पिंपात साठवून त्यात. लख्ख निघायची. जे लोकर धुतं ते धूर का नाही धुणार?

"कोलबेन, नको."

"युरिया म्हणजे दुसरं काय असतं रे? खरं तर मुरलेलं लागतं, पण अडल्या वेळी ताजं चालेल."

सकाळपासून दोघांनीही कॉफी भरपूर ढोसली होती. बंब भरायला दोघं झाकणापाशी उभे राहावेत तसे उभे राहिलो. इंजिन चालूच होतं. गाडीने थोडा विचार केला. मग लाल अक्षरांत लिहून आलं: चुकीचं द्रव. इंजिन पुन्हा सुरू होणार नाही.

स्टिर्मिरने ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे बंद करायची नाही, एवढंच ना?" मी विचारलं.

"एवढंच."

ग्राऊच्या काठावर पोचलो तेव्हा दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. ग्राऊ सकाळी शहाणी असते. हिमनदी वितळायला लागली की दुपारी बिघडते, आणि गरम वारा म्हणजे तिला दारूच. पात्राच्या मधोमध खडीचं एक बेट आहे, त्यावर थोडं हिरवं. तिथे मोरा उभी होती. मागे सगळा गोतावळा, आणि पोटाशी पांढऱ्या मोज्यांचं ते कोकरू.

मी काच खाली केली. आमची गाडी चालू होती, पण नदीच्या खळखळाटात तिचा श्वासही ऐकू येत नव्हता. मोराने आमच्याकडे पाहिलं. रस्ता चुकलेल्या पर्यटकांकडे पाहते तसं पाहिलं आणि मान वळवली. ती राक्षसिणीची वाट पाहत होती. कधीपासून, देव जाणे. बेटावरचं गवत मुळापर्यंत खाल्लेलं दिसत होतं.

"हॉर्न वाजव."

त्याने वाजवला. मेंढ्या आणखी मागे सरकल्या.

"मग आपणच बेटावर जाऊ," स्टिर्मिर म्हणाला. "पलीकडून हाकलू."

दुसरा इलाज मलाही सुचला नाही. उतारात शिरलो. पाणी दारांना लागलं, गाडी सरळ चालली होती. बरोबर अर्ध्यावर पुढे काहीतरी काळं दिसलं. दगड की खड्डा, ते बघायला स्टिर्मिरने ब्रेक दाबला. क्षणभरच.

इंजिन बंद झालं.

बिघडून नव्हे. उभं राहिलं की डिझेल वाचवायला आपणहून झोपायची त्याला शिकवणच आहे. शहरात सिग्नलला उपयोग होतो म्हणे. आमच्या खोऱ्यात सिग्नल नाही. ती सवय मोडायचं एक बटण आहे, आणि निघाल्याबरोबर ते दाबायचं असतं.

"बटण दाबलं होतंस ना?" मी विचारलं.

"घरीच दाबलं होतं."

मी त्या बटणाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"मीही दाबलं होतं. तू विसरला असशील म्हणून."

एकदा दाबलं की सवय जाते. दुसऱ्यांदा दाबलं की परत येते. दोन काळजीवाहू माणसं एका गाडीत बसली की असं होतं. नंतर शोरूमचा माणूस म्हणाला, असं होऊच शकत नाही, संथ गिअरमध्ये इंजिन झोपतच नाही. मी म्हटलं, बाबा रे, हे तू तिला समजावून सांग, मी नदीत होतो.

स्टिर्मिरने पुन्हापुन्हा सुरू करून पाहिली. पडदा लख्ख उजळायचा, लाल ओळ यायची, आणि नंतर सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा यायच्या. बुटांत पाणी आलं तेव्हा आम्ही टपावर चढलो. फोनला रेंज नव्हती. समोर बेट हळूहळू लहान होत होतं, आणि मोरा आमच्याकडे बघतही नव्हती.

तेव्हा मी तोंडाने राक्षसीण सुरू केली.

हसू नका. इतकी वर्षं तिच्या पोटात बसलो होतो. आधी ती दोनदा खोकायची, मग एक सिलिंडर, मग दुसरं, आणि मग सगळी मिळून धड-धड-धड-धड. मी हात तोंडाशी धरून छातीच्या तळातून ते काढलं. स्टिर्मिर माझ्याकडे बघत राहिला. मोराचे कान फिरले. मग मान फिरली. मग तिने पाण्यात पाय घातला.

"येतेय!" स्टिर्मिर ओरडला. "कोलबेन, थांबू नकोस!"

सगळा कळप तिच्यामागे पाण्यात उतरला. आणि आता पुढे काय होणार ते मला कळलं.

मेंढ्या गाडीपर्यंत आल्या. गाडीच्या आडोशाला धार थोडी मऊ होती, तिथे पोटापर्यंतच्या पाण्यात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. मोरा सगळ्यांत पुढे, बंपरला नाक लावून. राक्षसीण निघायची ती वाट पाहत होती. राक्षसीण धडधडत होती आणि जागची हलत नव्हती. आवाज थांबवला तर मोरा माघारी फिरणार, आणि माघारी आता बेट उरलं नव्हतं. आवाज चालू ठेवला तर त्या तिथेच उभ्या राहणार, पाणी गळ्यापर्यंत येईतो. मी वरून धडधडत होतो आणि ती खालून माझ्याकडे बघत होती. शपथेवर सांगतो, टपावर मी आहे हे तिला दिसत होतं. पण तिचा विश्वास माझ्यावर कधी नव्हताच. इंजिनावर होता.

"दोर," मी दोन सिलिंडरांच्या मधल्या फटीत म्हणालो.

"वेडा आहेस का? तुझं वय काय!"

"दोर दे!"

गाडी ओढायचा दोर आणि मेंढ्या बांधायचा दोर यांची गाठ मारून त्याने माझ्या कमरेला बांधला. तो बॉनेटवर पाय रोवून दोन्ही हातांनी दोर सोडत राहिला, आणि मी ग्राऊत उतरलो. पाणी मांडीपर्यंत होतं. थंड म्हणायलाही ते फार थंड होतं. पहिल्या गिअरमध्ये, एकेक पाऊल, धडधडत मी काठाकडे निघालो. मागे वळून पाहायची सोय नव्हती. पण पाणी कापत येणारी मोरा मला पाठीला कळत होती.

अर्ध्या वाटेत माझा आवाज गेला. छाती आखडली, घशातून नुसता वारा यायला लागला. संपलं, म्हटलं. तेवढ्यात थंडीने माझे दात वाजायला लागले, आणि हे कुणी मानत नाही, पण ते इतके सुरेख वाजले की राक्षसीणसुद्धा इतकी नियमित कधी चालली नव्हती. तेल नवं भरल्यासारखी. मोरा मागून जवळ आली.

मग माझा पाय खड्ड्यात गेला. पाणी गळ्यावरून गेलं, दोर ताणला. स्टिर्मिरने मला धरून ठेवलं.

त्याच वेळी सगळ्यांत शेवटी निघालेलं कोकरू गाडीचा आडोसा सोडून धारेत आलं. स्टिर्मिरच्या पायाशी होतं. हात खाली केला असता तर लोकर मुठीत आली असती. एक हात. त्याचे दोन्ही हात माझ्याकडे होते. मी पाय टेकवून उभा राहिलो, वळून पाहिलं, तर पांढरे मोजे एकदा वर आले, मग वळणापाशी पुन्हा एकदा. तो काय ओरडला ते नदीने ऐकू दिलं नाही. त्याने मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काठावर मी गुडघ्यांवर पोचलो. मेंढ्या माझ्या दोन्ही बाजूंनी वर चढल्या, अंग झाडलं. मोराने मोजणी केली. ती नेहमी करते, प्रत्येकीजवळून नाक फिरवत. मग ती नदीच्या कडेला गेली आणि हाका मारायला लागली.

विल्बोर्ग संध्याकाळी आली. तोवर मी काठावरून स्टिर्मिरशी हातवारे करत होतो आणि तो टपावरून माझ्याशी. पाणी बॉनेटवर आलं होतं आणि गाडीचे दिवे आपोआप लागले होते, अंधारून आलं म्हणून. विल्बोर्गने आधी मला घोंगडीत गुंडाळलं, कॉफी पाजली. ट्रॅक्टर पाण्यात घालून स्टिर्मिरला काढलं, गाडीला ओढून काढलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन बाप्ये आणि दोन लिटर. म्हणजे प्रत्येकी एक, आणि तरीही पुरलं नाही?"

कुणी हसलं नाही तेव्हा तिने मोराकडे पाहिलं.

"पोरगी कुठेय तिची?"

स्टिर्मिर खाली बघत होता. स्वतःचे तळहात बघत होता, दोराने सोललेले.

विल्बोर्गचा ट्रॅक्टर चालू होता. जुनं इंजिन, राक्षसिणीच्याच घराण्यातलं. आवाज तोच, जरा घोगरा. मोराचे कान फिरले. मान वळली. तिने ट्रॅक्टरकडे नीट पाहिलं. मग तोंड पुन्हा पाण्याकडे केलं आणि हाक मारली.

मी दात वाजवून पाहिले. आता ते वाजेनात.

विल्बोर्ग तो ट्रॅक्टर रानात कधी बंद करत नाही. पुन्हा सुरू करायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो. ती चढली आणि तिने तो बंद केला. मग आम्ही तिघंही मेंढ्यांमध्ये खाली बसलो. मोराचं हाका मारून होईपर्यंत बसायचं होतं.