निमुळती नळी

छताच्या पत्र्याला लिंबाएवढं भोक.

पायलच्या वहीत अर्धवट आकडा: तीन पूर्णांक.

बांधातून पाणी झिरपलं की आधी तळवा दाबायचा, चिखल मग मागायचा.

कपाटाखाली एक करंगळी.

खारघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात उरणचा गोटीराम एकतीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होता. ती नळी त्यानेच जोडलेली. एका टोकाला दाबाखालचा वायू, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पडदा, पुढे हवा उपसलेली रिकामी नळी. पडदा फाटला की वायू धावे आणि त्याच्यापुढे धक्क्याची लाट. सरळ नळीत ती पोतं आपटल्यासारखी वाजायची. या आठवड्यात राजलक्ष्मी मॅडमनी शेवटचा तुकडा निमुळता करून घेतला. आता ती चाबकासारखी वाजत होती. टोकाच्या झाकणाचा रंग दोन चाचण्यांत उडाला.

"मॅडम, आमच्या खारीत, खाडीकाठच्या शेतात, भरती रुंद तोंडानं येते. आत निमुळतं झालं का पानी चिडतं. बांध तिथंच फुटतो. झाकनाला बोल्ट वाढवा."

"काका, हिशोब केलाय मी. सहा बास. टेन्शन नका घेऊ."

"पानी हिशोब वाचतं का?"

एम.टेक.ची पायल हसली. "काका, पाणी नाय, हवाय ही."

"हवा त पान्याची दांडगी बहीन हाय."

गुरुवारी तिसरी चाचणी. मॅडम झडपेवर. वायू भरत असताना झाकणाच्या कडेशी सुस्कारा आला. बाहेरची हवा आत शिरत होती. पायल वाकून बघू लागली.

"थांबवू का?" मॅडमनी विचारलं.

"नको. मी धरतो. पोरी, मागं हो."

त्याने तिला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि फटीवर डावा तळवा दाबला, बापाने बांधावर शिकवलं होतं तसा. सुस्कारा थांबला. दाबमापकाचा काटा स्थिरावला.

"हां, वाच आता."

"तीन पूर्णांक..."

पडदा वेळेआधी फाटला.

लाट अरुंद होत टोकाला पोचली. सहाही बोल्ट तुटले. एक छतातून गेला. झाकण गोटीरामची बोटं घेऊन समोरच्या कपाटात घुसलं. भिंतीवर रक्त पंख्यासारखं पसरलं.

पायल ओढणीने त्याचं मनगट आवळत होती. दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. त्याचे ओठ हलले. तिने ते वाचले.

"गळती थांबली का?"

त्याआधी सोमवारीच गोटीरामने बारा लांब बोल्ट आणून टेबलाच्या खणात ठेवले होते.