गंगम्माच्या काजळाची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे, काजळाची. सुपारीएवढं अंग, घट्ट बसणारं झाकण आणि झाकणावर मोर. मोराची मान वाकडी दिसतेय ना? ती कशी वाकली, तेच सांगायला बसले आहे. एके काळी मी लई देखणी होते. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही.

नवी पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून गंगम्मानं मला घेतलं, लेकीच्या बारशासाठी. लेकीचं नाव रुद्राणी. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याचं ताट पालथं धरायचं, जमलेली काजळी खरवडून तुपात खलायची आणि माझ्यात भरायची. हा नेम सव्वीस वर्षं चुकला नाही. रोज सकाळी गंगम्माचं बोट माझ्यात बुडायचं. आधी लेकीच्या डोळ्यांत, मग स्वतःच्या, आणि नात संस्कृती झाल्यावर तिच्याही. शुक्रवार पेठेतल्या बायका म्हणायच्या, "गंगम्मा, तुज्या लेकीचं डोळं म्हंजे डोळं हायत बग!" मी फुगून जायचे. हे सगळं माझ्यामुळेच, असं मला वाटायचं.

रुद्राणी घरीच साड्यांना फॉल-पिको करते. तिचं पोट डोळ्यांवर आणि सुईवर. दोन वर्षांमागं तिच्या पापण्यांच्या कडा लाल झाल्या, सुजल्या. सकाळी उठलं की पापण्या चिकटलेल्या, मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, दिवसभर वाळू गेल्यासारखी खरखर. पापण्यांचे केस गळायला लागले. सुईत दोरा ओवायला पाच-पाच खेपा व्हायच्या. गिऱ्हाईक बायका दारातूनच म्हणायच्या, "डोळं आल्यात व्हय गं? मग ऱ्हाऊ दे." साडी काखेत मारून परत. रुद्राणी मशीनवर डोकं टेकून रडायची. हे डोळे गेले तर तिनं करायचं काय, हे मलाही कळत नव्हतं.

आणि गंगम्माकडे उपाय एकच होता. मी!

"डोळं तापल्यात तुजं. काजळ घाल, थंड पडतंय."

जितकी सूज जास्त, तितकं काजळाचं बोट जाड. रुद्राणी कळवळली की तिच्या तोंडी कन्नड यायचं. "ब्याड अव्वा, ब्याड!" नको नको म्हणायची बिचारी. पण आईची माया एकदा हट्टाला पेटली की ती कुणाचं ऐकते होय?

शेवटी सात रस्ता चौकाजवळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्यांना काय काय लावता ते सगळं घेऊन या. म्हणून मी पर्समधून गेले. त्यांनी मला दिव्याखाली उघडलं. काजळात पापण्यांचे चार केस रुतलेले.

"किती जणी वापरता ही?"

"घरातल्या समद्या की," गंगम्मा म्हणाली. माझं पितळ तिथंच उघडं पडलं.

बाई म्हणाल्या, "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजलीत, आणि तुम्ही वर काजळ थापताय. हे साथीचं दुखणं नाही, कुणी घाबरायचं कारण नाही. पण औषध घातलं आणि कायमचं गेलं, असंही हे नाही. दात रोज घासता ना? तसंच हे रोज करायचं." कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर, मग पापण्या हलक्या हातानं चोळायच्या, कडा पुसायच्या. डोक्यातला कोंडा घालवायचा. मलम सांगितलं तितकेच दिवस. आणि काजळ बंद.

मी फळीवर गेले. खोटं कशाला बोलू, मला राग आला. पण दीड महिन्यात रुद्राणीचे डोळे निवळले. एका खेपेत दोरा ओवून ती हसली, तेव्हा माझा राग कुठल्या कुठं पळाला.

मग संक्रांतीचा गड्डा आला. ही सिद्धेश्वराची जत्रा म्हणजे अवघं सोलापूर रस्त्यावर. रुद्राणी नवी साडी नेसली. डोळे बरे वाटतात म्हणून तिनं शेक आठ दिवसांपूर्वीच सोडला होता. इथंच माणसं फसतात हो!

"बरं झालंय की आता," म्हणत गंगम्मानं मला खाली काढलं. "सणाला मोकळं डोळं बरं दिसत न्हाईत."

आतलं तूप वाळून झाकण बसलं होतं. ती ओढत होती आणि मी जीव खाऊन धरून होते. गंगम्मा, नको गं! त्या पोरीला बघ! मी आतल्या आत किंचाळत होते, पण पितळेला आवाज कुठला? तिनं सुरीचं टोक घालून उचकटलं. मोराची मान वाकली. मी उघडले.

सूज परत आली. "उतरंल की," म्हणत गंगम्मा आठ दिवस वाळकं काजळ घालत राहिली. नवव्या दिवशी रुद्राणीला उजेडात डावा डोळा उघडेना. दवाखान्यात गंगम्माच्या मुठीत मी होते. बाई म्हणाल्या, बुबुळाला जखम झाली आहे. गंगम्मानं मूठ उघडून मला टेबलावर ठेवलं.

"माज्या हातानं झालं का वो, बाई?"

बाईंनी मला उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मायेनंच झालं, आजी. पण झालं."

जखम भरली, पण पांढरा ठिपका राहिला. डाव्या डोळ्यानं रुद्राणीला आता धुरकट दिसतं. ठिपका जाणार नाही, असं बाईंनी सांगितलं त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गंगम्मानं मला चिंचेनं घासलं. आतून, बाहेरून, बोटं सोलवटेपर्यंत घासलं.

आता रोज सकाळी ती पाणी कोमट करते, आधी स्वतःच्या मनगटावर बघते, आणि लेकीच्या मिटल्या डोळ्यांवर फडकं धरून बसते. रुद्राणी सुई ओवताना डावा डोळा मिटून घेते. ते बघितलं की गंगम्मा तोंड फिरवते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. डोळे जपा, बरे वाटले तरी जपा. आणि सणासुदीला कुणाचा हात फळीकडे गेलाच, तर तो धरा. मला उघडू नका.