चुन्याची भिंत

थोरल्याने भिंतीवरचं गोणपाट उचललं आणि त्याचं डोकंच फिरलं. दगडांमधल्या दरजांत आजही ओरखडे होते. कुणीतरी टोकदार काहीतरी खुपसून चुना उकरला होता, तोही हात पोचेल तिथे.

गिरणीची ओढ्याकडची जुनी भिंत पुरात गेली, ती सिमेंटची होती आणि धाकट्या भावाने बांधलेली. थोरल्याने गिरणीवालीचे उंबरे झिजवून हे काम मिळवलं. दगड घडवून, चुना मळून, वडील, आबा, बांधायचे तशी बांधतो म्हणाला. आबांच्या मागे ते काम कुणी केलं नव्हतं. बाईनेही अट घातली, पावसाआधी चुना धरला नाही तर पाडून सिमेंटची बांधायची. मग थोरल्याला पुढे कुणी साधी चूल बांधायलाही बोलावणार नव्हतं.

म्हणून ओरखडे दिसले की त्याला धाकट्याचंच तोंड दिसायचं. भिंत पाडली तर काम कुणाला मिळणार? त्यात गिरणीच्या हमालाने धाकट्याला पहाटे भिंतीपासून परतताना पाहिलं होतं. आणखी काय पुरावा हवा?

थोरला तडक त्याच्या कामावर गेला. धाकटा गिलावा करत होता, भोवती त्याची माणसं होती.

"पहाटे भिंतीपाशी काय करत होतास?"

"फिरायला आलो होतो."

"तू? तुझी बायको तुला उठवून उठवून थकते."

माणसं हसली. धाकटा नाही हसला.

"चुना उकरतोस ना? भिंत पडली की काम तुझंच."

"तुला असं वाटतं, दादा?"

"वाटत नाही. माहीत आहे."

"मग झालं तर," म्हणून धाकट्याने पाठ फिरवली.

थोरला छाती काढून परतला. चोराला चार लोकांत पकडल्यावर माणूस जसा चालतो तसा चालला.

नंतर दोन दिवस गरम वारा सुटला. थोरला ओढ्यापलीकडून कामावर यायचा तेव्हा ऊन वर आलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी गोणपाट खडखडीत वाळलेलं होतं. वरच्या रांगांवर बोट फिरवलं तर चुना पिठासारखा हातात आला. चुना ओला राहिला तरच धरतो, नाहीतर त्याची माती होते. आणि शेजारी ताजे ओरखडेही होतेच.

इतक्यात गिरणीवाली आली. कमरेची किल्ली काढून तिने त्याच्या देखत दरजेत खुपसली.

"बाई, हे काय करताय?"

"रोज बघते. माझी भिंत आहे. तुमच्या शब्दावर मला झोप कशी लागावी? आणि गोणपाट का सुकलंय? तुमचा भाऊ रोज पहाटे बादल्या ओतून जायचा. भांडलात की काय?"

आपण संध्याकाळी मारलेलं पाणी सकाळपर्यंत टिकतं, याचा थोरल्याला केवढा अभिमान होता. लाज वाटली, आणि भीतीही.

दुपारी तो धाकट्यापुढे उभा राहिला.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तुला माहीतच होतं."

"चुकलो मी. वरच्या रांगा उकरून पुन्हा भराव्या लागतील. पहाटे येशील ना?"

धाकटा थापीने गिलावा सारखा करत राहिला.

"आबांच्या हाताखाली घमेली मीही उचललीत, दादा. पण येणार नाही. मला पुन्हा कुणी तिथे पाहिलं तर? उद्या एक दगड हलला, तर तू माझ्याच दारात येशील."

थोरल्याला ते पटलं. कारण तो आलाच असता.

दुसऱ्या दिवशी तो अंधारातच घरून निघाला. ओढ्यातून बादल्या भरून एकट्याने भिंत भिजवली, कंबर मोडेपर्यंत. भिंतीपासून दिसणाऱ्या धाकट्याच्या घरात दिवा लागला होता. दार मात्र उघडलं नाही.